कॅनडा आणि अमेरिका: दोन शेजाऱ्यांच्या वणव्यांतला कार्बन कसा मोजायचा, कसा ताडायचा

२०२० साली अमेरिकेत सुमारे १ कोटी १ लाख एकर, म्हणजे ४१ लाख हेक्टर जमीन वणव्यांत जळाली. त्या वर्षी कॅनडात तीन लाख हेक्टरही जळाली नव्हती. तीनच वर्षांनी पारडं पार उलटलं. २०२३ साली अमेरिकेत जेमतेम २७ लाख एकर, म्हणजे ११ लाख हेक्टर जळाली आणि कॅनडात दीड कोटी हेक्टर. त्यामुळे ‘कोणाचे वणवे जास्त कार्बन सोडतात’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कोणतं वर्ष, कोणती जमीन, कोणती पद्धत आणि कोणतं एकक, हे चार निर्णय आधी घ्यावे लागतात. बऱ्याचशा चुका तिथेच होतात, गणित सुरू होण्यापूर्वी.

हे मार्गदर्शन पर्यावरण, भूगोल किंवा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पायथन किंवा क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) थोडंफार हाताळलेलं असावं, ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप असावा आणि दोन-तीन दिवस सलग बसायची तयारी असावी. माहितीसाठा सगळा फुकट मिळतो.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

संगणक उघडण्याआधी एक वाक्य लिहून काढा. उदाहरणार्थ: ‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात, कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या राजकीय सीमांच्या आत, शेतातली आग वगळून, झाडाझुडपांच्या आगीतून थेट हवेत गेलेला कार्बन.’ यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे.

‘अमेरिका’ म्हणजे काय, हे आधी ठरवा. अलास्का धरायचा की नाही? २०१५ साली अमेरिकेत जे १ कोटी एकर जळालं त्यातलं निम्मं एकट्या अलास्कात होतं. २०२२ साली ७५ लाख एकरांपैकी ३१ लाख अलास्कात. देश म्हणून तुलना असेल तर अलास्का अमेरिकेतच मोजायला हवा. पण तिथलं जंगल आणि तिथली माती कॅनडाच्या युकॉनसारखी आहे, कॅलिफोर्नियासारखी नाही. म्हणून तक्त्यात अलास्काचा रकाना वेगळा ठेवावा आणि बेरीज शेवटच्या रकान्यात द्यावी. हवाईही विसरू नये, मात्र तिथे मनाची तयारी ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये माउई बेटावरच्या लाहाइना गावात शंभराच्या आसपास माणसं गेली, पण जळालेलं क्षेत्र काही हजार एकरांच्या आत होतं आणि त्यात गवत आणि घरं जास्त होती. घरं, गाड्या, प्लास्टिक यांचा धूर जैवभाराच्या, म्हणजे झाडापाल्याच्या, माहितीसाठ्यात मुळात मोजलाच जात नाही. जीवितहानी आणि कार्बन हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकाच्या मोठेपणावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

‘थेट हवेत गेलेला’ हे शब्दही मुद्दाम घातले आहेत. आगीत न जळता मेलेली झाडं पुढे कित्येक वर्षं कुजत कार्बन सोडतात, आणि जळालेली जागा पुन्हा हिरवी होताना कार्बन परत घेते. हे दोन्ही या आकड्यात नाही. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समधलं गवत जळालं की त्याच उन्हाळ्यात परत उगवतं. उत्तर क्यूबेकमधल्या काळ्या स्प्रूसच्या जंगलाला तोच कार्बन परत मिळवायला अनेक दशकं लागतात. दोघांचा टन वजनाला सारखाच असला तरी हवेत किती काळ राहणार हे वेगळं असतं, म्हणून गवत आणि जंगल एकत्र मिसळून एकच आकडा छापू नका.

दुसरी पायरी: साधं सूत्र आणि त्याची मर्यादा

वणव्यातल्या उत्सर्जनाचं मूळ सूत्र सायलर आणि क्रुट्झन यांनी १९८० साली मांडलं आणि आजही बहुतेक हिशेब त्यावरच उभे आहेत:

उत्सर्जन = जळालेलं क्षेत्र × दर हेक्टरी जळाऊ जैवभार × त्यातला प्रत्यक्ष जळालेला हिस्सा × उत्सर्जन गुणांक

आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मधल्या दोन पदांचा गुणाकार तयार मिळतो: थंड उत्तरी म्हणजे बोरियल जंगलासाठी हेक्टरी ४१ टन कोरडा जैवभार, युकॅलिप्टस वगळता समशीतोष्ण जंगलासाठी ५०.४ टन. उष्ण कटिबंधाबाहेरच्या जंगलासाठी दर किलो कोरड्या जैवभारामागे १५६९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०७ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ४.७ ग्रॅम मिथेन.

हे एकदा हातानं करून पाहा, डोळे उघडतात. कॅनडा २०२३: १.५ कोटी हेक्टर × ४१ = ६१.५ कोटी टन जैवभार. त्यातून सुमारे ९६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड. सगळ्या वायूंतला मिळून कार्बन धरला तर सुमारे २९ कोटी टन. अमेरिका: १०.९ लाख हेक्टर × ५०.४ = ५.५ कोटी टन जैवभार, आणि ८.६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड.

आता हे प्रत्यक्ष मोजमापाशेजारी ठेवा. युरोपच्या कोपर्निकस वातावरण सेवेनं, म्हणजे कॅम्सनं, उपग्रहांना दिसलेल्या आगीच्या धगीवरून कॅनडाचा २०२३ चा आकडा काढला: सुमारे ४८ कोटी टन कार्बन. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले ब्रेंडन बर्न आणि सहकाऱ्यांनी ट्रोपोमी या उपग्रह उपकरणानं मोजलेल्या कार्बन मोनॉक्साइडवरून उलट हिशेब केला, तर फक्त मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ६४.७ कोटी टन निघाले, ५७ ते ७२.७ कोटींच्या पल्ल्यात. तयार तक्त्यानं दिलेले २९ कोटी त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाहीत.

उरलेला कार्बन जमिनीतून आला. आपल्याकडे मेळघाटात किंवा गडचिरोलीत मार्च-एप्रिलचा वणवा बहुधा पालापाचोळा, वाळलं गवत आणि झुडपं खातो आणि पुढे सरकतो. मोठी झाडं होरपळतात, पण बरीचशी उभी राहतात. उत्तर कॅनडात जमिनीवर शेवाळ, सुया आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर शेकडो वर्षं साचलेला असतो, कारण थंडीमुळे तो नीट कुजतच नाही. उन्हाळा कोरडा गेला की हा थर वाळतो आणि आग खाली उतरून दिवसेंदिवस धुमसत राहते. कॅनडाच्या ‘वायव्य प्रदेश’ (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) या भागातल्या २०१४ च्या वणव्यांचा जमिनीवर जाऊन केलेला अभ्यास २८.५ लाख हेक्टरांवर ९.४३ कोटी टन कार्बन सांगतो, म्हणजे हेक्टरी ३३ टन. बर्न यांच्या आकड्याला १.५ कोटी हेक्टरांनी भागलं तर हेक्टरी ४३ टन येतात, कॅम्सच्या आकड्याला भागलं तर ३२ टन.

आणखी एक गोष्ट लक्षात आली का? तयार तक्ता अमेरिकेच्या हेक्टरला कॅनडाच्या हेक्टरपेक्षा जास्त जैवभार देतो. अमेरिकेत जळणाऱ्या जमिनीचा मोठा भाग गवताळ आणि सेजब्रश या खुरट्या झुडपांचा असतो, तिथे हेक्टरी ५० टन जळायला मुळात असतात कुठे! म्हणजे तक्ता एका देशाला खाली ओढतो आणि दुसऱ्याला वर. क्षेत्रफळाचं गुणोत्तर १४ : १ असताना उत्सर्जनाचं ११ : १ दिसू लागतं, खरं चित्र नेमकं उलट्या दिशेला असताना. म्हणून हे सूत्र पहिल्या अंदाजासाठी वापरा, तुलनेच्या निकालासाठी नाही.

तिसरी पायरी: जळीत क्षेत्र कुठून घ्यायचं

दोन्ही देशांच्या सरकारी आकड्यांची जोडी लावण्याचा मोह होतो, कारण ते लगेच मिळतात. अमेरिकेचे आकडे बॉइझी इथल्या नॅशनल इंटरएजन्सी फायर सेंटरकडून एकरांत मिळतात, कॅनडाचे विनिपेगच्या कॅनेडियन इंटरएजन्सी फॉरेस्ट फायर सेंटरकडून हेक्टरांत. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, एवढं रूपांतर सगळे करतात. खरा घोळ व्याख्येत आहे.

कॅनडात २०२३ च्या हंगामात जाहीर झालेला आकडा होता सुमारे १.८५ कोटी हेक्टर. पुढे उपग्रहचित्रांवरून नीट नकाशे बनले तेव्हा तो १.५ कोटींच्या आसपास आला. आग चालू असताना काढलेल्या हद्दीत मधली तळी आणि न जळलेली बेटंही धरली जातात. कॅनडात तळी किती आहेत हे नकाशावर नुसती नजर टाकली तरी कळतं. हंगामातला आकडा वापरला तर उत्सर्जन तिथेच पाचव्या हिश्श्याहून जास्त फुगतं. त्याच वर्षासाठी वृक्षाच्छादन किती गेलं याचा उपग्रहावरून काढलेला आकडा आहे सुमारे ७८ लाख हेक्टर. तोही बरोबरच आहे, पण तो प्रश्न वेगळा आहे. तिथे झाडांचं छत्र नष्ट झालं तेवढंच मोजलंय.

अमेरिकेच्या बाजूला दुसरी अडचण. तिथली ‘वाइल्डफायर’ची बेरीज ठरवून लावलेली आग धरत नाही. फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा इथल्या पाइनच्या जंगलांत दरवर्षी हिवाळ्या-वसंतात झाडांखालचा पाला मुद्दाम जाळतात आणि तो लाखो एकरांत असतो. उपग्रहाला आग दिसते, आग लावणाऱ्याचा हेतू दिसत नाही. म्हणून उपग्रहाची बेरीज आणि सरकारी बेरीज अमेरिकेत जुळत नाही, कॅनडात त्यामानानं बरीच जुळते.

वापरावं काय? दोन्ही देशांसाठी एकच उपग्रहीय साठा घ्या. नासाच्या मोडिस या उपग्रह उपकरणावरून बनलेला जळीत क्षेत्राचा मासिक साठा ५०० मीटरचा आहे आणि नवख्यांसाठी पुरेसा आहे. त्यात छोट्या आगी सुटतात, पण निदान सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच नियमानं सुटतात. पडताळणीसाठी राष्ट्रीय साठे ठेवा: कॅनडाचा नॅशनल बर्न्ड एरिया कॉम्पोझिट आणि अमेरिकेचा मॉनिटरिंग ट्रेंड्स इन बर्न सिव्हिअरिटी, म्हणजे एमटीबीएस. एमटीबीएसमध्ये पश्चिमेत १००० एकर आणि पूर्वेत ५०० एकरांहून मोठ्याच आगी आहेत, मात्र प्रत्येक आगीपुढे ती वणवा होती की ठरवून लावलेली, याची नोंद असते. हेतू वेगळा काढायचा असेल तर हाच रस्ता.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, वेब मर्केटर प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका रीतीत) क्षेत्रफळ काढणं. ६० अंश अक्षांशावर तो प्रक्षेप क्षेत्रफळ चौपट दाखवतो, ४९ अंशावर सुमारे २.३ पट. म्हणजे कॅनडा आपोआप फुगतो आणि फ्लोरिडा तेवढा फुगत नाही. बहुभुजांचं क्षेत्रफळ नेहमी नॉर्थ अमेरिका अल्बर्स समक्षेत्र प्रक्षेपातच काढा. दुसरी चूक, उपग्रहाला दिसलेले आगीचे ठिपके मोजून देशांची तुलना करणं. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या वाटा उत्तरेकडे एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे कॅनडावरची जागा दिवसात जास्त वेळा पाहिली जाते. तीच आग टेक्सासमध्ये दोनदा मोजली जाईल तिथे वायव्य प्रदेशात त्याहून जास्त वेळा. ठिपक्यांचा नकाशा बातमीत छान दिसतो, पण हिशेबाला तो चालत नाही.

चौथी पायरी: उत्सर्जनाचा साठा उतरवून सीमेनं कापणं

दोन साठे उतरवा, आणि ते वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारे असावेत.

पहिला, ग्लोबल फायर एमिशन्स डेटाबेस, बोलीत जीफेड. त्याची ४.१एस आवृत्ती जळीत क्षेत्रावर आणि जैवभाराच्या प्रारूपावर चालते. घर, म्हणजे नकाशाच्या जाळीतला एक चौकोन, पाव अंशाचं, नोंदी मासिक, सुरुवात १९९७ पासून. दरवर्षीची एक एचडीएफ५ फाइल मिळते. २०१६ नंतरच्या फाइलींच्या नावात ‘बीटा’ असतं, कारण त्या वर्षांचा अंदाज वेगळ्या, तात्पुरत्या रीतीनं केलेला आहे. बीटा आणि आधीची वर्षं एका रेषेत जोडून ‘वाढ झाली’ असं म्हणताना ही तळटीप हवीच.

दुसरा, कॅम्सचा जीफास. तो आगीच्या धगीवर, म्हणजे उपग्रहानं मोजलेल्या उष्णता-विकिरणाच्या शक्तीवर चालतो. घर ०.१ अंशाचं, नोंदी रोजच्या, २००३ पासून. कोपर्निकसच्या ॲटमॉस्फिअर डेटा स्टोअरवर मोफत खातं काढलं की मिळतो. त्यातलं ‘जळालेल्या एकूण कार्बनचा प्रवाह’ हे चल (व्हेरिएबल) घ्या. कार्बन डायऑक्साइडचं चलही शेजारीच असतं, नाव वाचूनच निवडा.

आता सीमा. नॅचरल अर्थचा १ : १ कोटी प्रमाणाचा देशसीमांचा नकाशा पुरतो. इथे भूगोलानं आपल्याला हात दिलाय: पश्चिमेची सीमा ४९ अंश अक्षांशावर आणि अलास्का-युकॉनची सीमा मुख्यतः १४१ अंश पश्चिम रेखांशावर आहे. या दोन्ही रेषा जीफेडच्या पाव अंशाच्या घरांच्या कडांवर बरोब्बर बसतात, त्यामुळे तिथे कोणतंही घर दोन देशांत फाटत नाही. फाटतात ती पंचमहासरोवरांपासून मेनपर्यंतची आणि अलास्काच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या पट्टीतली. तिथे घराचा मध्यबिंदू कुठल्या देशात पडतो यावर निकाल न लावता घराचा किती हिस्सा कुठल्या देशात आहे त्या प्रमाणात उत्सर्जन वाटा.

जीफेडमध्ये तयार प्रदेशही दिलेले असतात आणि घाईत असलेला माणूस तेच उचलतो. तसं करू नका. ‘बोरियल उत्तर अमेरिका’ या प्रदेशात कॅनडाबरोबर अलास्काही असतो. तो कॅनडा म्हणून छापला तर २०१५ किंवा २०२२ सारख्या वर्षी अमेरिकेचा मोठा वणवा कॅनडाच्या नावावर चढतो.

जीफासची आणखी एक खोड: त्याचे रेखांश ० ते ३६० असे धावतात, जीफेडचे −१८० ते १८०. युकॉनची सीमा एकात −१४१ आहे, दुसऱ्यात २१९. हे जुळवलं नाही तर मास्क, म्हणजे देशाच्या सीमेचा साचा, समुद्रात किंवा आशियात जाऊन बसतो आणि बेरीज शून्य किंवा चक्रावून टाकणारी येते. मास्क लावल्यावर पहिल्यांदा नकाशा काढून डोळ्यांनी बघा.

पाचवी पायरी: एककं

जीफेडमधला आकडा ‘दर चौरस मीटर, दर महिना, ग्रॅम कार्बन’ असतो. म्हणून प्रत्येक घराला त्याच्या क्षेत्रफळानं गुणावं लागतं आणि ते अक्षांशानुसार बदलतं: पाव अंशाचं घर ३५ अंशावर सुमारे ६३३ चौरस किलोमीटर, ६० अंशावर सुमारे ३८६. क्षेत्रफळाचं पान फाइलीतच असतं, तेच वापरा. नमुन्यादाखल, ६० अंशावरच्या घरात जुलैचा आकडा ८०० ग्रॅम आहे असं धरा. ८०० × ३८.६ कोटी चौरस मीटर = ३.०९ × १०^११ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३.१ लाख टन. घरांची नुसती सरासरी काढून देशाच्या क्षेत्रफळानं गुणलं तर उत्तरेकडच्या छोट्या घरांना दक्षिणेच्या मोठ्या घरांइतकंच वजन मिळतं आणि कॅनडा पुन्हा फुगतो.

जीफासचा आकडा ‘दर चौरस मीटर, दर सेकंद, किलो’ असतो. दिवसाची बेरीज हवी तर ८६,४०० नं गुणा. हा गुणाकार विसरणं किंवा दोनदा करणं ही नवख्यांची हमखास चूक आहे, पण उत्तर इतकं विक्षिप्त येतं की ती लगेच पकडली जाते.

जी पकडली जात नाही ती चूक म्हणजे कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडची गल्लत. त्यांत ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ पटींचा फरक आहे, आणि ३.६७ पट मोठं उत्तर दिसायला अगदी शक्य कोटीतलं असतं. टेराग्रॅम आणि मेगाटन एकच: दहा लाख टन. अमेरिकी मजकुरात नुसता ‘टन’ लिहिला असेल तर तो ९०७ किलोंचा असू शकतो, तेही तपासा.

४४/१२ चा गुणाकार सगळ्या कार्बनला लावणंही चूकच, कारण सगळा कार्बन काही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडत नाही. धुमसणारी आग अपुऱ्या हवेत जळते आणि कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन जास्त सोडते. जीफेड ४ चे गुणांक पाहा. बोरियल जंगल: दर किलो जैवभारात ४६४ ग्रॅम कार्बन, त्यातून १४८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १२७ ग्रॅम मोनॉक्साइड, ५.९६ ग्रॅम मिथेन. समशीतोष्ण जंगल: ४८९ ग्रॅम कार्बन, १६४७ ग्रॅम डायऑक्साइड, ८८ ग्रॅम मोनॉक्साइड, ३.३६ ग्रॅम मिथेन. सरसकट ४४/१२ लावलं तर बोरियलचा डायऑक्साइड सुमारे १४ टक्के जास्त येतो आणि समशीतोष्णचा ९ टक्के. चूक दोन्हीकडे आहे, पण सारखी नाही, आणि तुलनेला मारक ठरतं ते हे असमानपण.

बर्न यांच्या ६४.७ कोटी टनांवर हे करून पाहा. सरसकट गुणाकारानं २३७ कोटी टन कार्बन डायऑक्साइड येतो. बोरियल गुणांकांनी १३९ कोटी टन जैवभार, २०८ कोटी टन डायऑक्साइड, १७.७ कोटी टन मोनॉक्साइड आणि ८३ लाख टन मिथेन. मिथेनला शंभर वर्षांच्या तापनक्षमतेचा २८ हा गुणांक लावला की आणखी २३ कोटी टन समतुल्य जमा होतात. जीफेडमधून असे वायू काढताना कार्बनच्या पानावरून न काढता कोरड्या जैवभाराच्या पानावरून काढा, आणि आगीच्या प्रकारांचे हिस्से वेगवेगळे गुणून मग बेरीज करा.

सहावी पायरी: आगीचे प्रकार वेगळे काढा

जीफेडमध्ये प्रत्येक घराचं उत्सर्जन सहा प्रकारांत वाटलेलं असतं: गवताळ आणि झुडपी, बोरियल जंगल, समशीतोष्ण जंगल, जंगलतोड, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेल्या पाल्याचा थर) आणि शेती. शेतीचा हिस्सा वजा करा. मिसिसिपीच्या खोऱ्यातली कापणीनंतरची आग वणव्यात धरण्याचं कारण नाही. गवताळ हिस्सा वेगळ्या ओळीत ठेवा, फ्लिंट हिल्सची वसंतातली गवताची आग त्यातच येते. कॅनडाच्या घरांत पीटचा हिस्सा शून्य दिसला तर घाबरू नका. या आवृत्तीत पीट हा प्रकार मुख्यतः इंडोनेशियासारख्या उष्ण प्रदेशातल्या दलदलींसाठी आहे. कॅनडाची जळणारी माती बोरियल जंगलाच्या हिशेबातच धरलेली असते.

सरकारी हरितगृह वायू अहवालांबद्दल

‘एवढा खटाटोप कशाला, दोन्ही देश संयुक्त राष्ट्रांना अहवाल देत आलेत की,’ असं वाटणं साहजिक आहे. ते अहवाल वाचण्यासारखे आहेत, पण वणव्यांची तुलना करण्यासाठी ते समोरासमोर ठेवता येत नाहीत. दोन्ही देश फक्त ‘व्यवस्थापित’ जमिनीचा हिशेब देतात. अमेरिका आपली ९५ टक्क्यांहून जास्त जमीन व्यवस्थापित मानते आणि तिच्यावरचे वणवे बेरजेत धरते. कॅनडाचं व्यवस्थापित जंगल सुमारे २२.६ कोटी हेक्टर आहे, एकूण जंगल मात्र ३६ कोटी हेक्टरांच्या आसपास. दूर उत्तरेकडचा पट्टा त्यात येतच नाही. शिवाय व्यवस्थापित जंगलातही मोठा वणवा झाला तर कॅनडा त्याला नैसर्गिक आपत्ती मानून मुख्य बेरजेबाहेर, वेगळ्या रकान्यात दाखवतो. हे नियमबाह्य नाही. पण मुख्य बेरजा शेजारी ठेवल्या तर कॅनडाचे वणवे जवळजवळ नाहीसे होतात आणि अमेरिकेचे दिसत राहतात. वाचकाला हे सांगितलं नाही तर ती त्याची फसवणूक होते.

सातवी पायरी: उत्तर ताडून पाहणं

सगळ्यात उपयोगी पडताळणी भागाकाराची आहे. देशाचं उत्सर्जन भागिले जळीत क्षेत्र. बोरियल जंगलाला हेक्टरी २० ते ४५ टन कार्बन यावा, निव्वळ गवताला एक ते तीन टन. कॅनडाचं उत्तर १०० च्या पुढे गेलं तर कार्बन आणि डायऑक्साइड मिसळलेत. ५ च्या खाली आलं तर मास्क किंवा महिन्यांची बेरीज चुकली आहे. अमेरिकेचं उत्तर कॅनडापेक्षा कमी येणं अपेक्षित आहे. जास्त आलं तर अलास्काचा वाटा तपासा आणि जळीत क्षेत्रातून काही सुटलंय का ते पाहा.

मग काळ. बर्न यांचा आकडा मे ते सप्टेंबरचा आहे, कॅम्सचा पूर्ण वर्षाचा. कमी महिन्यांचा आकडा मोठा आहे, म्हणजे पद्धतींतली दरी दिसते त्याहून थोडी जास्तच. पद्धतींचे स्वभाव लक्षात घेतले की ती समजते. धगीवर चालणाऱ्या जीफासला ढगांतून, दाट धुरातून आणि जमिनीखाली मंद धुमसणाऱ्या थरातून पुरेशी उष्णता पोचत नाही. हवेतल्या मोनॉक्साइडवरून मागे जाणारी पद्धत धुमसण्याला चुकवत नाही, पण मोनॉक्साइडचं कार्बनशी प्रमाण किती धरायचं यावर तिचं उत्तर हलतं. अमेरिका-कॅनडासाठी आणखी एक: कॅलिफोर्नियातले मोठे वणवे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येही होतात, तेव्हा उत्तर कॅनडात बर्फ असतो. मे ते सप्टेंबर हा काळ निवडला की अमेरिकेचा हंगाम मध्येच तुटतो. आणि कॅनडात बर्फाखाली हिवाळाभर धुमसत राहिलेली आग वसंतात पुन्हा वर येते, ती कोणत्या वर्षात धरली हेही लिहावं लागतं. पूर्ण कॅलेंडर वर्ष हाच त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय.

धुराच्या नकाशावरून देश ठरवू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. ७ जून २०२३ ला न्यूयॉर्कचं आभाळ नारिंगी झालं, तो धूर क्यूबेकचा होता. त्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही तो श्वासात घेतला, पण उत्सर्जनाच्या वहीत तो कॅनडाच्याच खात्यावर आहे. आरोग्याचा हिशेब धूर जातो तिथे, कार्बनचा हिशेब आग लागते तिथे.

आठवी पायरी: तक्ता मांडणं

एका वर्षाचा तक्ता हवामान सांगतो, जंगलाचा स्वभाव सांगायला वीस वर्षं लागतात. म्हणून दोन तक्ते करा: एक २०२३ चा आणि एक २००३ पासूनच्या सर्व वर्षांच्या सरासरीचा. दुसऱ्यात प्रत्येक देशाचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वर्षही द्या, म्हणजे २०२० आणि २०२३ मधली उलथापालथ वाचकाला स्वतःच दिसेल. रकाने: कॅनडा, अलास्का, हवाईसह उरलेली अमेरिका, अमेरिका एकूण. ओळी: जळीत क्षेत्र हेक्टरांत, कार्बन जीफेडनुसार, कार्बन जीफासनुसार, हेक्टरी कार्बन, जंगलाचा वाटा, गवताचा वाटा. दोन साठ्यांचे आकडे सरासरी काढून एकात मिसळू नका, पल्ला म्हणून ठेवा. दोन्ही साठे एकाच देशाला मोठा ठरवत असतील तेव्हाच ‘जास्त’ हा शब्द वापरा. गुणोत्तर दोन अर्थपूर्ण अंकांच्या पुढे लिहू नका. ‘१३.७६ पट’ असं लिहिण्याइतकी अचूकता या कामात कुठेच नाही.

तक्त्याच्या खाली चार गोष्टी छोट्या अक्षरांत हव्यात: दोन्ही साठ्यांची आवृत्ती, फाइली उतरवल्याची तारीख, सीमांच्या नकाशाची आवृत्ती आणि कोणते आगीचे प्रकार वगळले. बीटा फाइली नव्यानं तयार होतात, सरकारी जळीत क्षेत्र हंगामानंतर दुरुस्त होतं. सहा महिन्यांनी तुमचा आकडा कोणाशी जुळला नाही तर चूक कोणाची हे शोधायला ती तारीखच उपयोगी पडते.